लाल पेल्यातलं तीर्थ

रविवारी आमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटवर एक जपानी पाहुणे जेवायला आले होते. मोरिता-सान. बाबा हडपसरला कंपनीत होते तेव्हा मशीन बसवायला जपानहून आलेले इंजिनिअर... दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून दोस्ती टिकली असावी!

परत जाताना त्यांनी बाबांना तीन पेले भेट दिले होते. लाकडाचे, लालभडक, बशीसारखे उथळ, एकात एक बसणारे, आत सोनेरी बगळा. त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवलेले... एका झाडाचा चीक थरावर थर चढवून.

बाबांनी घरी येऊन आईच्या हातात खोका ठेवला आणि "भेट मिळालीय" एवढंच म्हणाले. सविस्तर सांगायची पद्धत आमच्याकडे नाही.

थोड्याच दिवसांनी घरी सत्यनारायण होता. आईला ते पेले इतके आवडले होते की तिने चांदीची वाटी बाजूला ठेवली आणि तीर्थ मधल्या पेल्यात काढलं. अर्ध्या लोकांचं घेऊन झालं होतं, तेवढ्यात बाबांचं लक्ष गेलं आणि ते सगळ्यांदेखत खो खो हसत म्हणाले, "अगं, हा दारूचा पेला आहे! साके पितात ते लोक यातून!"

सगळे हसले. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेल्या घरात दारूच्या पेल्यातून तीर्थ... हसणारच हो. आईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने पेला उचलला, नवीन तीर्थ केलं, आणि तो अख्खा चातुर्मास एक वेळ जेवून काढला. मी तेव्हा शाळेत होते, पण तिचं न जेवलेलं ताट मला आठवतंय.

पेले गेले शोकेसमध्ये, अगदी वरच्या कप्प्यात, बल्बखाली. आईने त्यांना पुन्हा हात लावला नाही... पुसायलासुद्धा नाही. आणि बाबांना आयुष्यभराचा किस्सा मिळाला. लग्न असो, बारसं असो, "आमच्या हिने काय केलं माहितीये का" सुरू! आई तेवढ्यात चहा टाकायला उठायची. आम्हाला वाटायचं, तिला पाहुण्यांचं फार.

मागच्या वर्षी आई गेली. मोरिता-सान आले ते खरं तर तिच्यासाठीच... तिच्या फोटोपुढे बराच वेळ वाकून उभे राहिले.

जेवण झाल्यावर त्यांनी पेल्यांची चौकशी केली. बाबा लगबगीने स्टुलावर चढले (गुडघे दुखतात, पण ऐकतंय कोण), पेले काढून उजेडात धरले. रंग विटलेला, मधल्या पेल्याच्या काठाला भेग, बगळ्याचा एक पंख गेलेला.

मोरिता-सान रागावले नाहीत. बोटाने भेग चाचपत म्हणाले की हा चीक ओलाव्यातच पक्का होतो, कोरड्या उष्णतेत त्याचा जीव जातो. रोज हातात आले असते, धुतले-पुसले गेले असते, तर आपल्यानंतरही टिकले असते.

वातावरण फारच जड झालं, म्हणून बाबांनी आपला हुकमी किस्सा काढला. सत्यनारायण, तीर्थ, दारूचा पेला, सगळं साग्रसंगीत. शेवटी स्वतःच हसले.

मोरिता-सान हसले नाहीत. "देवासाठी वापरला? त्यांनी?" असं दोनदा विचारलं. मग सावकाश सांगू लागले... त्यांच्या गावच्या देवळात नवीन वर्षाला साके आधी देवापुढे ठेवतात. मग तीच प्रत्येकाला घोटभर देतात, अशाच लाल पेल्यातून, आणि लोक ती दोन्ही हातांनी घेतात. त्यांचे वडील देवळासाठीही असे पेले करायचे.

"तुमच्या मिसेसना कोणी न सांगता कळलं," ते म्हणाले. "वडिलांना फार आनंद झाला असता."

मला रडूच आलं. अहो, किती साधी गोष्ट! देवाचं झालं की माणसांना, ओंजळीत... आई काहीच चुकली नव्हती. आणि आम्ही तिला वर्षानुवर्षं हसत होतो.

पाहुणे गेल्यावर बाबा म्हणाले, "ती कधीच हसली नव्हती गं त्यावर. मी बघायचो. मला वाटायचं, लाजते."

काल सकाळी देवघरात मधला पेला दिसला. भेग असलेलाच. बाबांनी पूजा करून मला त्यातून पळीभर तीर्थ दिलं, आणि मग फोन घेऊन बसले. आत्या, शेजारचे काका, कंपनीतले जुने मित्र... ज्यांना ज्यांना तो किस्सा ऐकवला होता, त्यांना एकेक करून पुढचं सांगितलं. "अहो, तिचं बरोबर होतं. मीच मूर्ख."

मोरिता-सान, तुम्ही आलात, फार बरं केलंत. थोडं आधी यायला हवं होतं, एवढंच.

दुपारी मी जेवायला हाक मारली तरी बाबा फोन हातात घेऊन तसेच बसलेले. विचारलं, झाले का सगळे? म्हणाले, "हो, सगळ्यांना सांगून झालं... तिला तेवढं सांगायचं राहिलं."