कातडीचा दुसरा तुकडा

माझ्या धाकट्या दिरांना आम्ही घरात 'काजवा' म्हणायचो. प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत बसून ते सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचे तुकडे पाहत. शरीर आपल्याच कातडीवर उलटलं असेल, तर रसायन लावल्यावर तिथे हिरवं चमकतं, एवढं त्यांनी मला समजावलं होतं.

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याच्या अंगावर फोड आले, तोंडात जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, "संसर्गाचा आजार नसावा." पण त्या 'नसावा'च्या भरवशावर मान कोण पुढे करणार? गिऱ्हाईक तुटलं. रिपोर्ट आला की दारावरच चिकटवतो, असं तो सांगत फिरे.

डॉक्टरांनी त्याच्या दंडावरून काढलेला कातडीचा तुकडा प्रयोगशाळेत आला. भाऊजींनी बाटलीचं झाकण काढलं आणि उग्र वास नाकात गेला. या तपासणीला वेगळं द्रावण लागतं. हाताच्या सवयीने त्यांनी इतर बाटल्यांबरोबर याही बाटलीत नेहमीचं फॉर्मलिन भरून डॉक्टरांकडे दिलं होतं. आता आजार असला तरी तो तुकडा चमकणार नव्हता.

जेवताना घास त्यांच्या तोंडात नुसता फिरत राहिला.

"वहिनी, 'काही आढळलं नाही' असं लिहिलं, तर कुणाच्या बापाला कळणार नाही."

"तुम्हाला कळेल ना?"

"तेच तर. मग तोंड कुठे लपवू?"

संध्याकाळी ते सलूनमध्ये गेले. एकट्याचे पाय उचलत नव्हते, म्हणून मीही गेले.

"चूक माझी आहे. पुन्हा तुकडा द्यावा लागेल."

सलूनवाला दंडावरच्या पट्टीकडे बघत राहिला. "साहेब, मी गिऱ्हाइकाचा कान कापला असता, तर दुसरा मागितला असता का?"

भाऊजींची कानशिलं लाल झाली.

तरी त्याने दुसरा तुकडा दिला. त्यात पेशींच्या मधल्या फटींत हिरवी जाळी लखलखली. रिपोर्टखाली डॉक्टरांनी ठळक लिहिलं, 'हा आजार दुसऱ्याला होत नाही.' कागद दारावर लागला. लोक थांबून वाचत आणि पुढे जात.

मग जन्मभर घरीच दाढी करणारे भाऊजी भर गर्दीच्या वेळी त्या खुर्चीत जाऊन बसले. रस्त्यावरची माणसं बघू लागली.

"मान वर करा," सलूनवाला वस्तरा उघडत म्हणाला. "दोनदा मला कापलंत, आता माझी पाळी."

बाकावरची माणसं हसली. भाऊजींनी मान वर केली, पण समोरच्या आरशात मात्र त्यांनी पाहिलं नाही.