आबांच्या नावाची ओंजळ

घर घ्यायला आबांनी पैसे दिले हे मी कधी नाकारलं नाही. पण दिले कसे, आणि देऊन काय काय वसूल केलं, तेही मी विसरलेले नाही. विसरायची इच्छाही नाही.

आबा म्हणजे माझे मोठे दीर. मूळ घर शिंदखेड्याकडचं, शेतीचं. आबांनी धुळ्यात ऑइल इंजिनांचं दुकान टाकलं होतं आणि आमचे हे जळगावात एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. आम्ही एका मारवाडी शेठच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. शेठनं त्याची पिंप्राळ्याची जागा विकायला काढली. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि शेवग्याचं झाड. निम्मे पैसे आमच्याजवळ होते. उरलेल्यांसाठी आम्ही धुळ्याची बस धरली.

दोघे भाऊ बाहेर ओट्यावर बसले, मी आत माझ्या मोठ्या जावेसोबत, अक्कांसोबत, शेंगा फोडत होते. आबांनी नोटा आणून ह्यांच्या हातात ठेवल्या आणि शेजारच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ले. घरनाच पैसा शे. व्याज नको, कागद नको." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परतताना बसमध्ये मी ह्यांना म्हणाले, देवमाणूस आहे हो तुमचा भाऊ. शप्पथ, असंच म्हणाले! आठवलं की आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

वास्तुशांतीला आठ दिवस झाले नाहीत तोच दारात ट्रक उभा. इंजिनांची सात खोकी. आबांचा निरोप होता, दुकानात जागा नाही, पावसाळाभर राहू द्या. पुढची खोली भरून गेली. तीन पावसाळे गेले, खोकी जागची हलली नाहीत. पाहुणा आला की खोक्यावर बसायचा, पोरगी खोक्यावर पाटी ठेवून लिहायची, आणि माझ्या लुगड्यांना वंगणाचा वास यायचा. मी म्हणायचे, सांगा ना तुमच्या भावाला. हे म्हणायचे, "जाऊ दे, मोठे आहेत." ह्यांचं सगळं आयुष्य त्या 'जाऊ दे'मध्ये गेलं.

अक्का न कळवता यायच्या. आल्या की आधी माझी मांडणी उचकायच्या. तिखटाचा डबा खाली, डाळीचा वर, "अशी ठेव, मग घर घरासारखं दिसतं." रात्री आतली खोली त्यांना, आम्ही ओट्यावर. आणि भाऊबंदकीत कुठंही लग्न असो, धरणगावला असो की दोंडाईच्याला, आबा मांडवात सांगत बसायचे, "धाकल्याला घर मीच घेऊन दिलं." हे शेजारी बसून मान हलवायचे. मी बायकांत बसून दात खायचे.

तरीही मी गप्प राहिले असते. पण कानबाईच्या वेळी जे झालं, ते मात्र मला सोसलं नाही.

खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याचे जाडजूड रोट करायचे, तर आदल्या दिवशी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू धरायचे, अगदी तान्ह्या पोराच्यासुद्धा. आमच्यात सव्वा ओंजळ. एक ओंजळ आणि वर मूठभर. नाव घ्यायचं आणि ओंजळ सुपात सोडायची. ज्याच्या नावाचे गहू, तो कुळातला. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमची कानबाई धुळ्याला, आबांकडे बसायची. सगळी भाऊबंदकी जमायची.

त्या वर्षी अक्का गहू धरत होत्या. आबांची ओंजळ झाली, त्यांच्या पोरांच्या झाल्या. मग ह्यांचं नाव यायचं, तर आबा खाटेवरून म्हणाले, "धाकल्याची कशाला वेगळी? त्याचं घर ते माझंच घर. माझ्यातच धर." सगळे हसले. ह्यांच्या नावाचे गहू पडले नाहीत. माझ्या पाच वर्षांच्या पोराच्याही नावाचे पडले नाहीत. आणि आमचे हे? तेही हसले! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिथंच ठरवलं, आबांना मी ह्याच सुपापुढं बसवीन.

जळगावला आल्यावर मी ज्वारीच्या बिबड्या आणि उडदाचे पापड करायला घेतले. शेठाणीनं तिच्या सगळ्या नात्यागोत्यात माझे पापड लावून दिले. दोन उन्हाळे मी लाटणं सोडलं नाही. मनगटं सुजायची, कांद्याच्या फडक्यानं शेकायचे आणि परत बसायचे. ह्यांना वाटायचं, पोरीच्या लग्नासाठी जमवतेय. वाटू दिलं.

रक्कम पुरी झाली त्या श्रावणात मीच धुळ्याला पत्र टाकलं की यंदा कानबाई आमच्याकडे, सगळ्यांनी यावं. आबांना आनंद झाला म्हणे. त्यांना वाटलं, आपल्याच दुसऱ्या घरी निघालोय.

शनिवारी सकाळी माणसं आली तेव्हा सातही खोकी ओट्यावर होती. शेजारच्या दोन हमालांना लावून मी ती पहाटेच बाहेर काढली होती. पुढची खोली सारवून रांगोळी घातली होती. अक्कांनी खोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

सूप मांडलं. सगळे भोवती बसले. मी पहिली ओंजळ भरली आणि ह्यांचं नाव घेतलं. उखाणा नाही, आडपडदा नाही, सरळ नाव. लग्नाला बारा वर्षं झाली होती, तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. मग पोराची. मग चुलत दीर, त्यांची पोरं, पुतणे, नातू, एकोणतीस नावं झाली. आबा वाट बघत होते. मी हात झटकले.

"आबांची राहिली," कुणीतरी म्हणालं.

मी आजवर आबांसमोर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी पदर मागे सारला. रुमालात बांधलेल्या नोटा त्यांच्यापुढं ठेवल्या आणि म्हणाले, "आबांची ओंजळ त्यांच्या घरी धरतील. हे घर आमचं आहे."

काय सांगू, काय गार वाटलं!

आबांनी रुमालाकडे नुसतं पाहिलं. मग उठले आणि माझ्याशी नाही, ह्यांच्याशी बोलले, "तुनं घर तुले, भाऊ." चपला घातल्या. मी समजले होते, एकटे आबा जातील. पण त्यांच्यामागे अक्का उठल्या, मग चुलत दीर, मग सगळीच भाऊबंदकी. थोरल्याला वगळलेल्या रोटाला कोण शिवणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. अर्ध्या तासात घर रिकामं झालं. धरलेले गहू परत पोत्यात घालता येत नाहीत. मी जात्यावर बसले आणि एकोणतीस माणसांचे गहू दळले.

रोट खायला आम्ही चौघं. पौर्णिमा आठ दिवसांवर. सकाळी रोट, दुपारी रोट, रात्री दुधात कुस्करून रोट. पोरं रडकुंडीला आली. हे रोज पुढ्यातलं मुकाट खायचे आणि उठायचे. आठ दिवस माझ्याशी एक शब्द नाही.

पौर्णिमेला शेवटचा रोट उरला, दगडासारखा वाळलेला. ह्यांनी तो गुडघ्यावर आपटून फोडला. एक तुकडा ताटाबाहेर पानावर ठेवला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा बोलले, "हा आबाचा."

"त्यांच्या नावाचे गहूच नव्हते त्यात," मी म्हणाले. तो तुकडा उचलला आणि ह्यांच्यासमोर उभ्यानं चावून चावून खाल्ला. दाढ दुखली तरी थांबले नाही.

पुढच्या श्रावणात कानबाईच्या आदल्या दिवशी ह्यांनी धोतर-टोपी पिशवीत घातली आणि धुळ्याच्या बसला निघाले. दारात थांबून म्हणाले, "अक्का माझी ओंजळ वेगळी धरणार आहेत. पत्र आलंय."

मी सूप घेऊन पुढच्या खोलीत बसले. पोराची ओंजळ धरली आणि हात झटकले.