आत्याचा पोपट

शेजारणीने दुपारी सुका बोंबील भाजला आणि थेट माझ्या दिवाणखान्यात कैक वर्षांपूर्वीची आमची विधवा आत्या येऊन बसली. वासाला दार वाजवायची रीत कुठे ठाऊक असते!

रेवदंड्याच्या घरी मागच्या पडवीत आत्या दुपारी कादंबरी मोठ्याने वाचायची. हिराबाय कोळीण पाटी उतरवून, भाकरी आणि भाजलेला बोंबील खात ऐकायची. आमच्याकडे मासळी रोज शिजे. फक्त आत्याच्या पानात नसे. नवरा गेला त्या दिवसापासून तिचा मासा बंद.

एका दुपारी गोष्ट संपली. विधवा नायिकेने पिंजरा उघडला, पोपट उडाला.

"आन ती?" हिराबायने विचारलं.

"ती घरातच राहिली. पोपट म्हणजे तीच, असं समजायचं."

"वा गो बाय! उडायचा पोपटानं, आन समजायचा आपण?" हिराबायने आपल्यातला बोंबील तिच्यापुढे धरला. "घे. यो बोंबील न्हाय, तुजा पोपट हाय. खा!"

शेजारी बसून ऐकणारी मी हसून हसून लोळले. आत्याने बोंबील घेतला, डोळे मिटून नाकाशी धरला आणि परत दिला.

"नको गं. एवढ्यासाठी घरभर कोण भांडत बसणार? दमले मी."

तेव्हा मला ती भित्री वाटली. आता मीही तिच्याइतकी दमलेय, आणि मला दुसरंच आठवतं. आत्याने पुस्तक मिटलं, पण बोंबील धरलेला हात दिवेलागणीपर्यंत धुतला नाही.