मेडिकलच्या आधीचा गुलाल

वडीगोद्रीच्या पायलच्या डोक्यात सैन्यातल्या नर्सिंगचं वेड भरवलं ते तिच्या मामानं, कडूबानं. कडूबा फौजेत शिपाई होता. एकदा पायाला जबर मार लागून तो लष्कराच्या इस्पितळात पडला होता. वॉर्डातल्या सिस्टरनं पायाला हात लावला, तो गार लागला, तशी तिनं लगेच सर्जनला बोलावून घेतलं. सर्जन धावत आला आणि पाय वाचला. ती सिस्टर हुद्द्यानं कॅप्टन होती.

"तिनं सांगितलं अन् त्यो आला बी," कडूबा दरवेळी सांगायचा.

पायलला नेमकं तेच हवं होतं. ती अंबडला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. पेशंटचं काही बिनसतंय हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं, पण बोलायला गेली की उत्तर ठरलेलं, "सिस्टर, तुम्ही फक्त बीपी बघा." सैन्याच्या मुलाखतीत तिनं देशसेवेचं सांगितलं, आणि तेही काही खोटं नव्हतं. पण आपल्या शब्दावर कुणीतरी धावत यावं, हा तिचा खरा हट्ट होता.

मुलाखत झाली, मेडिकलचं बोलावणं आलं. आता आपल्याकडे पक्की निवड व्हायची वाट बघतो कोण? कडूबानं 'लेफ्टनंट पायल' असा फ्लेक्स लावला, डीजे आणला.

"मामा, मेडिकल व्हायचंय अजून."

"मंग काय झालं? तू काय आजारी हाईस का?" म्हणत त्यानं ओंजळभर गुलाल तिच्या डोक्यावर ओतला आणि त्याच वाचलेल्या पायावर पार हायवेपर्यंत नाचला. पायलही नाचली, खोटं कशाला बोला!

दुसऱ्या दिवशी पुण्यात तपासणीला उभी राहिली तेव्हा तिचे दोन्ही डोळे टोमॅटोसारखे लाल होते. तात्पुरती अपात्र, असा शेरा पडला. फेरतपासणीत डोळे साफ निघाले नाहीत तर सगळंच मुसळ केरात. घरी हे कळलं तसा कडूबा तोंड लपवून बसला. फोनसुद्धा उचलेना.

फेरतपासणीला डॉक्टरबाईंनी विचारलं, "डोळ्यांत काय गेलं होतं?"

"गुलाल, मॅडम."

"कसला?"

"माझी निवड झाल्याचा."

बाई खो खो हसल्या आणि कागदावर 'फिट' लिहिलं. पायलला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली.

बाहेर येऊन तिनं आधी मामाला फोन लावला. चौथ्यांदा उचलला.

"मामा, पास झाले मी."

पलीकडे फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात गेला. मग मामीचा आवाज आला, "काय सांगितलंस गं यांना? हे तर रडून राह्यले."