गोचिडाचा ताप

सासूबाईंची म्हैस गोठ्यात बसली की त्या तिच्या पोटाशी टेकून गोचीड काढायच्या. कासेजवळचे, शेपटीखालचे, कानाच्या आतले. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढे फुगलेले ते राखाडी किडे दोन नखांमध्ये धरून त्या चिरडत. टच् असा आवाज व्हायचा. मग बोटं पदराला पुसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला घेत.

माझं माहेर मंगरूळपीरचं. तिथं आमच्या घरात कोंबडीसुद्धा नव्हती. लग्न होऊन रिसोडजवळच्या या भाजीच्या मळ्यात आले आणि पहिल्यांदा हे पाहिलं, तेव्हा हातातला चहा मी मोरीत ओतला. पुढे मी त्यांना रबरी हातमोजे आणून दिले. ते त्यांनी वांग्यावर फवारणी करणाऱ्या माणसाला देऊन टाकले.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता त्यांना ताप आला. डोकं फुटतंय म्हणायच्या, अंग हलवू द्यायच्या नाहीत. रिसोडच्या डॉक्टरांनी मलेरिया, डेंग्यू तपासला, काही निघालं नाही. टायफॉइड समजून गोळ्या आणि सलाइन दिलं. ताप तसाच. मग मनगटांवर आणि घोट्यांवर लाल पुरळ उठलं आणि बघता बघता तळहातांवर आलं. माझ्या नवऱ्यानं जीप ठरवली आणि आम्ही त्यांना वाशीमच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी त्यांचे तळहात पाहिले, मग तळपाय. घरी जनावरं आहेत का, गोचीड चावला होता का, असं विचारलं.

"तो मले काय चावते? मीच त्याले मारतो," सासूबाई म्हणाल्या.

कशानं मारता, असं विचारल्यावर त्यांनी अंगठ्यांची नखं पुढे केली. नखांच्या कडेला काळपट रेघ होती. ती माती नव्हती, हे मला माहीत होतं. मी मान वळवली.

गोचीड जिथे चावतो तिथे कधी कधी काळी खपली धरते, ती अंगभर शोधावी लागेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. सासूबाई नर्सला हात लावू देईनात. शेवटी पडद्यामागे मलाच जावं लागलं.

तापानं आंबलेल्या अंगाचा वास, त्यात गोठ्याचा वास. मोबाईलचा उजेड धरून मी काखा पाहिल्या, छातीखालच्या घड्या पाहिल्या. परकराचा नाडा सैल केला, तर कमरेवर बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली होती, भोवती लालसर कडा. मी नर्सला हाक मारणार, तेवढ्यात कानामागे, केसांच्या मुळाशी, एक टपोरा दाणा दिसला. तीळ असेल म्हणून बोट लावलं. त्याचे पाय हलले.

बाजूच्या बेसिनवर जाऊन मी ओकले.

परत आले तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"तुले माही शिसारी येऊन राह्यली," त्या म्हणाल्या.

नाही म्हणायला हवं होतं. मला खोटं बोलता आलं नाही. "त्या किड्याची येते, आई. पडून राहा तुमी."

नर्सनं बारीक चिमट्यानं तो अगदी कातडीलगत धरला आणि न पिळता, न चिरडता सरळ वर ओढून काढला. डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही. गोळ्या त्याच दुपारी सुरू केल्या. हा ताप गोचीड चावल्यानं होतो, आणि चिरडताना त्याचं रक्त बोटांच्या भेगांतून अंगात गेलं तरी होतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. उशीर केला तर जिवावर बेततं, हेही. दोन दिवसांत ताप उतरला, सासूबाईंनी भाकर मागितली.

घरी आल्यावर नवऱ्यानं जनावरांचा डॉक्टर बोलावला. म्हशीला औषध दिलं, गोठ्याच्या भेगांत फवारलं, नंतर त्या भेगा सिमेंटनं बुजवल्या. औषध दुधात उतरतं म्हणून डॉक्टर सांगेल तोवर ते सांडून द्यायचं होतं. भिंतीतून बाहेर पडून मेलेले गोचीड फावड्यावर गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. पायात बूट, हातात मोजे, तोंडाला ओढणी, तरी मानेवर काहीतरी चालतंय असं दिवसभर वाटत राहिलं. सासूबाई बाजेवर बसून कोणता कोपरा राहिला ते दाखवत होत्या.

पुढे एकदा शेजारची बाई पोटरीला चिकटलेला गोचीड घेऊन आली. घासलेट लावून पाहू म्हणत होती. सासूबाईंनी तिला थांबवलं आणि मला चिमटा आणायला सांगितलं. मी काढला. काढताना त्याच्या तोंडाशी तिची कातडी ताणून वर आली. ती जागा साबणानं धुऊन दिली, ताप आला तर दवाखान्यात गोचिडाचं सांगा, असं बजावलं. मग स्वतःचे हात मी चुरचुरेपर्यंत घासले.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. सासूबाईंनी माझं ताट झाकून ठेवलं.