सोमवारची मीटिंग जोडणारी शिवांजली

अंबाजोगाईत कॉलेजच्या रस्त्याला सोमलिंगअप्पांचा एसटीडी बूथ होता. हातोहाती मोबाइल आले तसा बूथ ओस पडला. मग बी.कॉम. झालेल्या शिवांजलीनं वडिलांच्या मागं लागून तिथं कॉम्प्युटर बसवले. पोरं निकाल बघायला येत, पण दुकान खरं चालायचं ते दप्तरं बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीच्या मीटिंगवर. कंपनी खेड्यातल्या बायांकडून घरबसल्या दप्तरं शिवून घ्यायची, आणि महिन्यातल्या एका सोमवारी पुण्याचे साहेब कॅमेऱ्यावरून एकेका गावाशी बोलायचे. ही मीटिंग दुकानात आणली होती केदारनाथकाकांनी. ते कंपनीचे इथले सुपरवायझर, आणि अप्पांच्या नात्यातले.

मीटिंग जोडायची म्हणजे नुसतं बटण दाबून भागायचं नाही. एखादी बाई साहेब दिसताच पदर नाकापर्यंत ओढायची, पुण्याला नुसता पदर दिसायचा. दुसरी अदबीनं उभी राहायची, पुण्याला पोट दिसायचं. शिवांजली तालीम घ्यावी तशी त्यांना बसवायची. साहेबांच्या तोंडाकडं नाही, वरच्या काळ्या भिंगाकडं बघायचं. आणि लाइन मंद आहे, साहेबांचं चित्र मध्येच थिजतं, त्याला दबकायचं नाही. चित्र थांबलं तरी आवाज जातो, आपण बोलत राहायचं. बायांनी हे मनावर घेतलं होतं. तोंड वासून थिजलेल्या साहेबांना त्या बिनदिक्कत हिशेब सांगत.

युसूफ वडगावच्या सिंधुबाई त्यांत सगळ्यांत धीट. भीमनगरातल्या बायांचा गट त्यांनीच बांधलेला. शिवांजली त्यांना मावशी म्हणायची, आणि त्या तिला म्हणायच्या, “तू म्हंजी आमची पुण्याची वाट हाईस.”

त्या पावसाळ्यात वडगावची दप्तरं परत येऊ लागली. पट्टे उसवत होते. पुण्यात ठरत होतं की वडगावचं काम बंद करावं. शिवण चांगली होती, दोरा कच्चा होता, आणि कंपनीच्या पैशातून तो दोरा घेऊन देत होते केदारनाथकाका. सिंधुबाई हे सोमवारी साहेबांनाच सांगणार, असं साऱ्या गावाला ठाऊक झालं.

आदल्या दिवशी काका दुकानात आले. चहा झाला, अप्पांच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मीटिंग दुसऱ्या कॅफेवाल्यानं मागितली होती, आपणच नको म्हटलं, हेही सांगून झालं. उठता उठता म्हणाले, “तुझी लाइन तर एरवी पण जातीच की, शिवा. उद्या वडगावच्या टायमाला गेली, तर कोण विचारणार हाय?”

तिनं त्यांचा रिकामा कप उचलला आणि विसळायला घेतला. तो होकार आहे हे दोघांनाही कळलं.

सोमवारी सिंधुबाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. साहेबांनी भुवया उंचावून विचारलं, “वडगाव, पट्टे का निघतायत?” सिंधुबाईंनी पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं. शिवांजलीनं टेबलामागं हात घालून मोडेमची तार ओढली.

साहेब भुवया उंचावलेले तसेच राहिले. सिंधुबाई थांबल्या नाहीत. शिकवलं होतं तसं भिंगाकडं बघत त्यांनी दोरा वर धरला, दोन्ही हातांनी ताणला, तट्कन तोडला. “बगा साहेब. आमचा हात चुकला आसंल तर काम काडून घ्या, पर आदी ह्यो दोरा बगा.” पुन्हा ताणला, पुन्हा तोडला. बायांची नावं घेतली, कुणाची पोरं शाळेत आहेत ते सांगितलं, शेवटी हात जोडले. तेवढा वेळ शिवांजली त्यांच्या शेजारी उभी होती. थांबा मावशी, एवढे दोन शब्द तिच्या तोंडातून फुटले नाहीत.

“गेला का गं आवाज?”

“गेला,” शिवांजली म्हणाली.

तार ओढली तेव्हा तिला भीती वाटली होती. हा एक शब्द बोलल्यावर मात्र जेवणावरचं मन उडालं. ती जेवायला बसे आणि उठे. अप्पा विचारत, तर पित्ताचं निमित्त सांगे.

आठवड्याभरानं सिंधुबाईंचा फोन आला, खुशीतला. दसऱ्याच्या आधी साखर कारखान्याचा मुकादम ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोड्या ठरवायला गावात आला होता. “परत लावला त्येला. म्हणलं, साहेबानं ऐकलंय, आवंदा आमच्या बाया फडात न्हाईत येत.”

शिवांजलीनं फोन ठेवला तो परत उचलायला. मुकादम दुसऱ्या गावी जोड्या भरणार, इकडं दप्तरांचं काम जाणार, आणि बाया तिच्या एका शब्दावर घरी बसून राहणार. तिनं पुणे लावलं. साहेब कामात होते. त्यांनी सांगितलं की त्या दिवशी लाइन गेली, बाईंना काही सांगायचं नव्हतं असं केदारनाथ म्हणाले, बंदचं ठरलं आहे.

“लाइन गेली नव्हती, सर. मी काढली होती.”

साहेबांनी पलीकडं कुणाला तरी थांबायला सांगितलं. मग ते म्हणाले, “उद्या त्यांना पुन्हा बसवा.”

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई आल्या त्या कुरकुरतच. “परत कावून सांगायचं? ऐकलं की त्यांनी.”

शिवांजलीनं सांगितलं. रडायचं नाही हे तिनं आधीच ठरवलं होतं, ते एक जमलं.

सिंधुबाई स्क्रीनकडं बघत राहिल्या. तो अजून काळाच होता. “मंग त्या दिशी मी कुणाशी बोलले?” त्यांनी हळूच विचारलं. “तू हितंच हुतीस. बगत हुतीस.”

“हो, मावशी.”

त्या उठून जातील असं तिला वाटलं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. “हितं बस. दोनी हात टेबलावर ठेव, मला दिसतील आसे.”

ती बसली. साहेब आले. सिंधुबाईंनी दोरा ताणला, तोडला, थोडक्यात बोलल्या. या वेळी पोराबाळांची नावं घेतली नाहीत. मग म्हणाल्या, “आता मी काय म्हणले, ते तुमच्या तोंडानं सांगा साहेब.”

साहेब गडबडले, पण सांगू लागले. दोरा कच्चा आहे. शिवण चांगली आहे. यापुढं दोरा पुण्याहून येईल. वडगावचं काम सुरू राहील. सिंधुबाई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. आणि दर महिन्याची ही मीटिंग आता केजला दुसऱ्या कॅफेत घेऊ, तुम्हाला जवळ पडेल, हे साहेबांनी शेवटी सांगितलं. त्यालाही त्यांनी मान हलवली.

रीळ पिशवीत टाकून त्या उठल्या, चपला घातल्या. दारापाशी वळून म्हणाल्या, “उचल आता हात.”

शिवांजलीला ते लगेच उचलता आले नाहीत.