ओला पंचा आणि तीस सेकंद

सर गेल्याचा फोन त्यांच्या बायकोने, काकूंनी, केला तेव्हा मी मैदानावर पोलीस भरतीच्या पोरींना पळवत होते. मला आधी राग आला, रडू नंतर. आता महिना होत आला आणि पेपरच्या पुरवणीसाठी सरांवर लिहायला बसलेय. पंचनामे लिहून हात बनलेला माझा, त्यामुळे गोडगोड लिहिणं जमायचं नाही. दामूसर मारकुटे होते. वेग जरा कमी झाला की वेताची छडी पोटरीवर बसायची आणि वळ आठवडाभर राहायचे.

सर नाशिकच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हरसूलकडच्या पाड्यावरून वसतिगृहात शिकायला आलेली, अनवाणी पळणारी. आठशे मीटरमध्ये राज्यात नंबर आला तर खेळाडूंच्या जागेवर पोलिसात लागायची आशा होती. नाहीतर बापाबरोबर द्राक्षबागेत मजुरी ठरलेलीच. सरांनी कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं की उंच डोंगरावर, विरळ हवेत, थोडं थोडं अंतर जीव तोडून पळालं की दम वाढतो. आम्हाला एवढ्या उंचावर कोण नेणार? मग सरांनी डोकं लढवलं. ओल्या पंच्याची चौपदरी घडी माझ्या नाकातोंडावर आवळून बांधली आणि म्हणाले, "हा आपला हिमालय." दोनशे मीटर सुसाट, तीस सेकंद थांबायचं, पुन्हा सुसाट. असं दहा वेळा. त्याने हवा विरळ होत नाही, नुसता जीव गुदमरतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

एका सकाळी पाचव्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी आली. मी पंचा ओरबाडून फेकला. सरांनी छडी ओढली, एक, दोन, तीन... आणि पंचा उचलून पुन्हा बांधायला आले. मी त्यांच्या तोंडावर बुक्की हाणली. ओठ फाटला, रक्त शर्टावर सांडलं. "तुम्ही बांधून पळा ना," मी ओरडले. "मंग कळंल."

 सरांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, त्या रक्ताळलेल्या तोंडावर तोच पंचा बांधला आणि पळाले. पंचेचाळिशीचा माणूस! चौथ्या फेरीनंतर त्यांचा हात गाठीकडे गेला, तेव्हा मी म्हणाले, "सर, अजून सहा बाकी हायेत." मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. सहाव्या फेरीला ते तोंडावर आपटले. पंचा लाल झालेला, नखं निळी पडलेली, पाय झाडत होते. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले... तीस सेकंद पुरे होईपर्यंत. मग गाठ सोडली.

शुद्धीवर आल्यावर "कळलं," एवढंच बोलले. त्यानंतर पंचाही गेला आणि छडीही. पुढे ते मला त्र्यंबककडच्या चढावर पळवायचे, स्वतः खाली दगडावर बसून. मी राज्यात दुसरी आले, वर्दी मिळाली. त्यांचा दम मात्र गेला तो गेलाच. काकूंना त्यांनी सांगितलं होतं, शाळेच्या जिन्यावरून पडलो.

तेराव्याला गेले. बाहेरच्या खोलीत, खिडकीला लावून त्यांची खाट होती. खिडकीची दारं त्यांनी बिजागरीसकट काढून टाकली होती, हवा अडायला नको म्हणून. बाहेरचा गारठा सरळ आत येत होता आणि काकू शाल गुंडाळून त्या खाटेवरच बसल्या होत्या. सुतार बोलवू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणाले, हृदयाला जुनी इजा होती. जिन्यावरून पडून असं होतं का गं? तू तर रोज होतीस त्यांच्याबरोबर."

"मला नाही माहीत, काकू," मी म्हणाले. चहा प्यायले आणि निघाले.

काकू, पेपरची ही पुरवणी तुमच्याकडे येते. सर जिन्यावरून पडले नव्हते. रविवारी मी घरी येतेय. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.